तीनदा पास झाल्याशिवाय नाही

पहिलं सांगून टाकतो, कॉम्प्युटर मीच बिघडवला. उगाच दुकानदाराचं नाव घ्यायचं नाही आणि व्होल्टेजचंही नाही. आमच्या घमापुरात व्होल्टेज कधी धड असतं? पण त्याचा इथे काही संबंध नाही. माझ्या हातांनी बिघडला, माझ्याच हातांनी दुरुस्त झाला, आणि मधल्या दिवसांत जे झालं तेही माझ्याच हातून झालं. लोक भेटायला येतात, चहा पितात आणि म्हणतात, "विष्णूजी, तुम्ही हेमलता वहिनींसाठी किती केलं!" तेव्हा त्यांना हाताला धरून दाराबाहेर काढावंसं वाटतं.

मी फॅक्टरीत बत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. आमच्या सेक्शनची पद्धत अशी, की बिघाड शोधताना एका वेळी एकच बदल करायचा, आणि वस्तू तीनदा चालवून पाहिल्याशिवाय पास करायची नाही. दोनदा चालली न, मग तिसऱ्यांदा काहून, असं विचारणाऱ्यांची मी भर शॉपमध्ये खरडपट्टी काढली आहे. घरीही तेच. नळाचा वायसर बदलला तरी नळ तीनदा उघडून बंद करणार. हेमा म्हणायची, "इन्स्पेक्टर साहेब, मला बरं एकदाच बघून पास केलंत!"

हेमा म्हणजे माझी बायको. शाळेत गणित शिकवायची. जीभ अशी धारदार, की स्टाफरूममधले लोक तिच्यासमोर जपून बोलायचे. अडीच वर्षांपूर्वी तिच्या हातातून खडू पडायला लागला. मग पाय गेले, मग मान, मग ती जीभच गेली. मोटर न्यूरॉनचा आजार आहे म्हणाले. औषध नाही. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं आणि डोळे फिरतात, एवढं सोडून सगळं जातं.

तर त्या डोळ्यांसाठी तो कॉम्प्युटर. पलंगासमोर पडदा, पडद्याखाली एक कॅमेरा. पडद्यावर अक्षरं मांडलेली असतात. ती ज्या अक्षराकडे टक लावून बघेल ते उमटतं, आणि वाक्य झालं की "बोला" लिहिलेल्या चौकोनाकडे बघितलं की एक बाई ते मोठ्याने वाचते. मराठी वाचते, पण हेल सगळा हिंदी. हेमा त्या बाईला निवेदिका म्हणायची. वर्षभर आमच्या घरात त्या निवेदिकेच्या आवाजात भांडणं झाली, भाजीत मीठ कमी निघालं, आणि एकदा तर शेजारच्या काकूंचं गाऱ्हाणंही झालं.

पण कॉम्प्युटर जुना होता. अक्षराकडे बघितलं की ते उमटायला चार-चार सेकंद लागायचे. माझी मुलगी मेघना भोपाळला असते, ती म्हणाली, "बाबा, नया ले लो ना. मी पाठवते." मी म्हटलं, चांगल्या चालत्या वस्तूला काहून फेकायचं? रॅम वाढवू, नवीन डिस्क टाकू, पळायला लागेल. सदरला अनुपमचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथे ऑटोने गेलो. त्याने आठ जीबीची रॅमची पट्टी दिली, नवीन डिस्क दिली आणि म्हणाला, "अंकल जी, पुरानी वाली पट्टी निकाल दीजिएगा. दो अलग-अलग मत चलाइए, कभी-कभी जमती नहीं."

मी हौ हौ म्हटलं. घरी येऊन कॅबिनेट उघडलं. रॅमसाठी दोन खाचा होत्या. एकीत जुनी चार जीबीची पट्टी, दुसरी रिकामी. जुनी पट्टी काढली, खोडरबराने तिचे पाय घासले, फुंकर मारली, लखलखीत झाली. आता ही काय फेकून द्यायची? आठ आणि चार बारा, साधा हिशोब. परत बसवली. आमच्या घरात चांगली वस्तू फेकत नाहीत, आणि त्या दिवशीही फेकली नाही.

रविवार होता. कॉम्प्युटर पळायला लागला. हेमाने पहिलं वाक्य लिहिलं, "अरे वा. आता माझ्याशी भांडायला दम लागेल." मी हसलो. तिच्या डोळ्यांच्या कडा आकसल्या, म्हणजे तीही हसली.

सोमवारी दुपारी डॉक्टर शर्मिला आल्या. महिन्यातून एकदा घरी येतात, फार सरळ बाई आहेत. हेमाचा श्वास तपासला, बोटाला चिमटा लावून बघितला, रिपोर्ट वाचला. मग खुर्ची ओढून हेमाच्या समोर बसल्या. माझ्याकडे त्यांनी पाठच केली.

"हेमलताजी, आपसे बात कर रही हूँ," त्या म्हणाल्या आणि मग त्यांच्या मोडक्या मराठीत बोलल्या, कारण हेमाला ते आवडायचं. "श्वासाच्या मास्कने आता पुरत नाही. दोन रस्ते आहेत. गळ्यात भोक करून नळी टाकायची आणि श्वासाचं मशीन लावायचं, कायमचं. वर्षं निघतील, पण अशीच, पलंगावर. नाहीतर नळी नको म्हणायचं. मग मी तुम्हाला घुसमटू देणार नाही, औषधं देईन, झोपेत शांत जाल. दोन्हींत चूक काही नाही. पण उत्तर तुमचं पाहिजे, तुमच्या शब्दांत, आणि मी ते कागदावर घेणार. इमर्जन्सी झाली की कोणी तुम्हाला विचारणार नाही. मग जो सही करेल त्याचं चालेल. पुढच्या सोमवारी येते."

त्या गेल्या. मेघना आदल्या रात्रीच सुट्टी घेऊन आली होती, ती आईच्या पायाशी बसून राहिली होती. हेमा पडद्याकडे बघायला लागली. एकेक अक्षर भराभर उमटत गेलं. "मी विचार करून ठेवला आहे. दोघंही ऐका." आणि तिथेच सगळं थांबलं. अक्षरांवरचा ठिपका जागच्या जागी. माउस हलवला, हलेना. कीबोर्ड बडवला, काही नाही. कॉम्प्युटर हँग झाला होता.

बटण दाबून धरलं, बंद केला, परत लावला. परत लावलं की कॅमेऱ्याला तिचे डोळे ओळखवावे लागतात. पडद्यावर ठिपके येतात, तिने ते एकेक करून टिपायचे. दहा मिनिटं जातात आणि तिचे डोळे लाल होतात. ते झालं. तिने दोन वाक्यं लिहिली, पाण्याचं आणि उशीचं. वीस मिनिटांनी परत हँग. तिसऱ्यांदाही तेच.

मी कॅबिनेटचे स्क्रू काढायला पेचकस आणायला उठलो, तेव्हा ती मला डोळ्यांनी थांबवायला लागली. परत सुरू केला, परत ठिपके टिपले, आणि तिने लिहिलं, "असू द्या. वीस मिनिटं पुरतात मला."

मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "असलं अर्धवट मशीन मी पास करत नाही." आणि प्लग काढला.

ते वाक्य मला आता दिवसातून शंभरदा ऐकू येतं. त्या निवेदिकेच्या आवाजात.

कॅबिनेट बाहेरच्या खोलीत आणलं. वही काढली, रकाने आखले: बदल, वेळ, निकाल. मंगळवारी नवीन डिस्क काढून जुनी लावली. अर्ध्या तासात हँग. बुधवारी सकाळी कॅमेऱ्याची वायर दुसऱ्या ठिकाणी लावली. हँग. दुपारी एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लायचा डबा, शेजाऱ्यांचा मागून आणला. हँग. पंखा साफ केला, उन्हाळा आहे म्हणून टेबलफॅन समोर लावला. तरी हँग.

मेघना दारात उभी राहून बघायची. "बाबा, एक बार रॅम पण पाहा ना."

"रॅम मी बसवली आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच तर म्हणून राहिली मी."

तिला मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्याने बसवलेलं आधी तपासायचं, आपलं शेवटी, ही माझी अक्कल. बत्तीस वर्षं लोकांचं तपासलं, आपलं तपासायची सवयच नव्हती.

या तीन दिवसांत हेमाजवळ काहीच नव्हतं. वर बघितलं की हो, खाली बघितलं की नाही, तेवढंच. तहान लागली? हो. कूस बदलू? नाही. कॉम्प्युटर यायच्या आधी आम्ही एक प्लास्टिकचा पारदर्शक तक्ता वापरायचो, त्यावर क, ख, ग लिहिलेले. तिच्या नजरेसमोर धरायचा आणि ती कुठे बघते ते पलीकडून ओळखायचं. ते मलाच जमायचं. मेघनाला मराठी कळते सगळी, पण अक्षरं जुळवताना तिची गाडी अडते. बुधवारी तिने तक्ता कपाटातून काढला, माझ्यासमोर आणून धरला.

"बाबा, तुम्ही धरा. आई सोमवारपासून काहीतरी सांगायला बसली आहे."

"त्याने ती थकते," मी म्हणालो. "एका शब्दाला पाच मिनिटं लागतात. कॉम्प्युटर होऊन जाईल, मग डॉक्टरसमोर आरामात बोलेल. ठेव तो."

तिने ठेवला नाही. मी तिच्या हातातून घेतला आणि कपाटात वरच्या फळीवर टाकला.

गुरुवारी सकाळी अनुपमला फोन केला. त्याने मी सांगितलेलं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अंकल जी, वो पुरानी वाली निकाली थी ना?"

मी फोन ठेवला. जुनी पट्टी काढली. एकटी नवीन पट्टी ठेवली आणि दहा वाजता कॉम्प्युटर सुरू केला. अकरा वाजले. बारा वाजले. जेवायला उठलो नाही. चार वाजले, सहा वाजले. माउस फिरतो आहे, व्हिडिओ चालतो आहे, कॅमेऱ्याचा दिवा लागलेला आहे. आठ तासांत एकदाही हँग नाही. वहीत लिहिलं: जुनी रॅम काढली, ८ तास, पास.

मेघना टाळी वाजवत आली. "चलो, हो गया! आईजवळ लावू या."

"एकदा चालला म्हणजे पास नाही," मी म्हणालो. "तीनदा पाहिजे. उद्या एकदा, परवा एकदा. सोमवारपर्यंत वेळ आहे."

"पर बाबा, चल तो रहा है!"

"आणि परत अर्ध्या वाक्यात बंद पडला तर? तिला किती त्रास होतो ते बघितलं नाहीस?"

आता जे सांगतो ते मी कोणाला सांगितलं नाही. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता मला माहीत होतं की कॉम्प्युटर ठीक झाला आहे. शंका नव्हती. दोन वेगळ्या पट्ट्या जुळत नव्हत्या, एक काढली, झालं. इन्स्पेक्टर आहे मी, बिघाड सापडला की हाताला कळतं. कॅबिनेट उचलून आत न्यायला दोन मिनिटं लागली असती. मी नेलं नाही. कारण ती काय लिहिणार ते मला ठाऊक होतं.

सदतीस वर्षांचा संसार आहे. तिची आई दोन वर्षं बिछान्यावर होती, तेव्हा हेमा मला काय म्हणाली होती ते मी विसरलो नाही. आणि मला ती पाहिजे होती. पलंगावर तर पलंगावर, नळी लावून तर नळी लावून. ती नाही म्हणणार, आणि एकदा डॉक्टरने ते कागदावर घेतलं की मग मी काय करणार होतो? भीती वाटत होती मला. बाप्पा, एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. म्हणून मी फॅक्टरीची पद्धत पुढे केली आणि तिच्यामागे लपून बसलो.

शुक्रवारी दुसऱ्यांदा चालवला. दुपारी पाणी प्यायला आत गेलो तर मेघना आईच्या तोंडाजवळ वाकली होती. "आई, नळी लावायची? हो तर वर बघ..."

मी ओरडलो. "असं विचारतात का? भाजी कोणती करू, असं आहे का हे?"

मेघना रडायला लागली. "मग तुम्ही विचारा ना! कोई तो पूछो!"

हेमा वरही बघत नव्हती आणि खालीही नाही. ती सरळ माझ्याकडे बघत होती. पापणी न हलवता. मी म्हणालो, "टेस्ट चालू आहे, जाऊन बघतो." आणि बाहेर गेलो. बाहेर काही बघायचं नव्हतं. कॉम्प्युटर मस्त चालला होता.

शनिवारी सकाळी तिसरी फेरी लावली. साडेअकराच्या सुमाराला मेघनाची हाक आली. हेमाच्या घशात कफ अडकला होता. चेहरा निळा पडत होता. मशीनने कफ ओढला, मास्क दाबला, काही होईना. अॅम्ब्युलन्स आली, गल्लीत वळताना अडकली, लोकांनी दुचाक्या उचलून बाजूला केल्या. हॉस्पिटलमध्ये स्ट्रेचर आत जात असतानाच तिथल्या डॉक्टरने मला दंडाला धरलं. "नली डालनी पड़ेगी, अभी. डालें? साइन कौन करेगा?"

मेघना म्हणाली, "बाबा, आईला..." आईला काय? आईला विचारायची वेळ गुरुवारी होती, शुक्रवारी होती, सोमवारी तर होतीच. वीस मिनिटं पुरतात म्हणाली होती ती.

मी सही केली. खाली तारीख आणि वेळही घातली.

जीव वाचला. आठवड्याने तोंडातली नळी काढून गळ्यात भोक पाडलं आणि श्वासाचं मशीन कायमचं जोडलं. डॉक्टर शर्मिला बघायला आल्या, त्यांनी मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाल्या, की लावायच्या आधी नाही म्हणणं सोपं असतं, लावलेलं काढणं फार अवघड. कागद असतात, कमिटी असते, वेळ जातो. मी मान हलवली.

बाराव्या दिवशी कॉम्प्युटर आत न्यायची परवानगी मिळाली. मी ट्रॉलीवर पडदा बांधला, कॅमेरा लावला, सगळ्या वायरी टेपने चिकटवल्या. मेघना आईची उशी नीट करून उभी राहिली. ठिपके आले. हेमाने सगळे टिपले, एकही चुकला नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, रागावेल, बोलेल, चार दिवस भांडेल, मग चहात साखर जास्त झाली म्हणेल.

अक्षरं उमटायला लागली. भराभर, कुठेही न अडता. निवेदिका बोलली, "कधी ठीक झाला?"

"शनिवारी," मी म्हणालो. "तिसरी टेस्ट झाली आणि..."

ती परत लिहायला लागली. "मेघना, तू सांग."

मेघनाने माझ्याकडे बघितलं नाही. "गुरुवारी, आई," ती म्हणाली. "गुरुवारी शामको."

अक्षरं उमटायची थांबली. मला वाटलं, हँग झाला. मी माउसला हात लावला, ठिपका हलला. कॉम्प्युटर चालू होता. मग तिने लिहिलं आणि निवेदिकेने त्या हिंदी हेलात वाचलं, "मी नको म्हणणार होते. तुम्हाला माहीत होतं."

"हो," मी म्हणालो. "माहीत होतं, हेमा. माझ्याने ऐकवलं नसतं."

ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. याला आता दोन महिने होत आले. तिला घरी आणलं आहे. ती मेघनाशी बोलते. नर्सशी बोलते, तिला पाढे विचारते आणि चुकले की टोमणे मारते. डॉक्टर शर्मिलांना तिने दीड पान लिहून दिलं, त्यात काय होतं ते मला दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. मी बाहेरच्या खोलीत बसलेला असतो आणि भिंतीपलीकडून निवेदिकेचा आवाज ऐकू येतो, कधी कधी मेघना हसल्याचाही.

मग मी चहा घेऊन आत जातो. पडदा सुरू असतो, अक्षरं मांडलेली असतात. मी समोर खुर्चीवर बसलो की हेमा डोळे मिटून घेते, आणि मी उठून जाईपर्यंत उघडत नाही.